वारशाचा हिशेब कोणी ठेवायचा?

(बीड शहरातील नदीकाठच्या एका जुन्या वस्तीतील रहिवासी मंडळाच्या वार्षिक सभेत अर्थशास्त्राच्या एका निवृत्त प्राध्यापकांनी केलेल्या भाषणाचा हा संपादित मजकूर.)



आपल्या मंडळाच्या चिटणीसांनी निमंत्रणासोबत आजच्या सभेपुढे यावयाच्या ठरावाचा मसुदाही माझ्याकडे पाठवला होता. त्यात तीन कलमे आहेत. शहरातील जुन्या वास्तू आणि बारवा यांची दुरुस्ती व्हावी, हे पहिले. वस्तीतील मुख्य रस्ता रुंद व्हावा, हे दुसरे. बिंदुसरेच्या पात्रालगतच्या झोपड्या हटवून नदीकाठाचे सुशोभीकरण व्हावे, हे तिसरे. मला पहिल्या कलमावर बोलण्याची विनंती आहे. परंतु मसुदा दोनतीन वेळा वाचल्यावर माझ्या ध्यानात आले की, पहिल्या कलमावर प्रामाणिकपणे बोलायचे तर तिसऱ्यावर बोलावेच लागेल. तेव्हा काही अप्रिय बोललो, तर ते आपल्याच माणसाचे बोलणे आहे असे समजून ऐकावे.

मी इतिहासाचा अभ्यासक नाही. आयुष्यभर अर्थशास्त्र शिकवले. त्यामुळे जुन्या वास्तूंकडे पाहतानाही माझ्या मनात कारागिरीच्या आधी एक रुक्ष प्रश्न उभा राहतो: हे कोणाच्या श्रमांतून उभे राहिले, याचा लाभ कोणाला झाला आणि आज याची झीज कोण सोसतो?

आपल्या परिसरात दोन स्मारके अशी आहेत की, ती शेजारीशेजारी ठेवून पाहिली म्हणजे हा प्रश्न उलगडतो. चौदाव्या शतकात दिल्लीचा सुलतान मुहम्मद बिन तुघलक या भागात असताना त्याचा एक दात पडला. तो त्याने समारंभपूर्वक पुरला आणि त्यावर घुमट बांधविला, असे फिरिश्ता लिहितो. ती वास्तू बीडच्या परिसरात आजही दाखवतात. राजाच्या एका दातासाठी घुमट! त्या घुमटाने नंतरच्या सुमारे सातशे वर्षांत कोणाच्या शेताला पाणी दिले नाही, की कोणाची तहान भागवली नाही.

दुसरे स्मारक म्हणजे शहरापासून सुमारे ६ किलोमीटरवरील खजाना विहीर. अहमदनगरच्या मुर्तझा निजामशहाच्या काळात बीडचा जहागीरदार असलेल्या सलाबतखानाने ती १५८२ मध्ये बांधविली. तिची आखणी राजा भास्कर याने केली, असे सांगितले जाते. विहिरीत तीन भुयारे आहेत. दोहोंतून पाणी आत येते आणि तिसऱ्यातून ते बाहेर पडून बलगुजार भागातील शेतांकडे जाते. मोट नाही, रहाट नाही, आजच्या भाषेत वीजबिलही नाही. जमिनीचा उतार बारकाईने हेरून, भूगर्भातील पाण्याला वाट करून देणारी ही रचना आहे. पुढे सतराव्या शतकाच्या प्रारंभी मलिक अंबरने खडकीला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, नहर बांधली, तिच्यामागेही हीच विद्या होती. इराणच्या कोरड्या पठारावर ती शेकडो वर्षे चालत आली होती. दूरदेशीची कल्पना आणि बालाघाटच्या पायथ्याची माती यांचा असा संयोग आपल्या गावात झाला.

जहागीरदाराचा खजिना या कामी रिता झाला म्हणून विहिरीचे नाव खजाना पडले, असे लोक सांगतात. ही दंतकथा असेल. पण तिच्यात अर्थशास्त्राचा एक मोठा धडा आहे. खजिना म्हणजे काय? रयतेच्या कष्टाचा वसूल केलेला भाग. तो दाताच्या घुमटावर खर्च झाला, तर उपभोग झाला. विहिरीवर खर्च झाला, तर भांडवल झाले. चारशे चाळीस वर्षांहून अधिक काळ टिकून राहिलेले भांडवल! आजच्या कोणत्या योजनेबद्दल तसे बोलता येईल, याचा विचार आपण करावा.

सलाबतखानाचे नाव राहिले, राजा भास्कराचे राहिले. पण ती भुयारे खोदणाऱ्या, दगड घडवणाऱ्या, चुना मळणाऱ्या एकाही माणसाचे नाव आपल्याला ठाऊक नाही. सुलतानाच्या दाताचा ठावठिकाणा ग्रंथात सापडतो. पाथरवटाचा सापडत नाही. वारसा या शब्दाचा विचार मी येथून सुरू करतो. वारसा म्हणजे गोठवून ठेवलेले श्रम. ज्यांचे ते श्रम होते, त्यांचे वारस कोण आणि ते आज कोठे आहेत, हे विचारल्याखेरीज वारशाचे संरक्षण हा शब्द पोकळ राहतो.

आता थोडे हिशेबाविषयी. कारखान्याच्या जमाखर्चात घसारा नावाचा एक रकाना असतो. यंत्र दरवर्षी किती झिजले, ते त्यात मांडतात आणि नफ्यातून तेवढी रक्कम बाजूला ठेवतात. तसे केले नाही, तर कारखानदार भांडवल खात असताना आपण नफा खातो आहोत, अशा भ्रमात राहतो. गावाच्या सामाईक मालमत्तेच्या बाबतीत आपण नेमके हेच केले. बारवेत गाळ साचला, भुयाराचे तोंड बुजले, तळ्याच्या भिंतीत पिंपळ रुजला, ही झीज कोणत्याही वहीत नोंदली गेली नाही. उलट, विहीर निकामी झाल्यावर टँकर धावू लागतो. त्याचे डिझेल, चालकाची मजुरी आणि ठेकेदाराचा नफा, हे सारे मात्र राष्ट्रीय उत्पन्नात जमा होते. शेजारणीने फुकट काढलेल्या घागरभर पाण्याची नोंद नाही, विकत घेतलेल्या बाटलीची आहे. अशा वहीनुसार विहीर बुजणे हा विकास आणि ती वाहती राहणे हे शून्य ठरते. २०१६ च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्या संकटाचे कारण केवळ पावसाने दिलेली ओढ हे नव्हते. अनेक वर्षे न मांडलेला घसाराही तेव्हा एकदम वसूल झाला.

हे मी दुसऱ्यांना दोष देण्यासाठी सांगत नाही. आमच्या वडिलोपार्जित घराच्या परसात एक आड होता. माझ्या आजीच्या काळात दर उन्हाळ्यात तो उपसला जाई. गल्लीतील दहाबारा घरांतील माणसे हात लावत, कारण पाणीही तीच नेत. नळ आला, मग अंगणात बोअर झाले आणि आडाकडे कोणी वळेना. नव्वदच्या दशकात घर दुरुस्त करताना मी स्वतः उभे राहून तो आड विटांच्या तुकड्यांनी आणि राबिटाने भरून घेतला. वर फरशी बसवली आणि न्हाणीघर बांधले. तेव्हा मी महाविद्यालयात विकासाचे अर्थशास्त्र शिकवत होतो! अडवायला कोणी आले नाही. बोअर काही वर्षांत आटले. ते अधिक खोल नेले, तेही आटले. आड फुटक्या विटांखाली गेला आणि त्याचबरोबर उन्हाळ्यात एकत्र येणारी ती दहाबारा घरेही गेली. पाण्यापेक्षा ते नुकसान मोठे, हे कळायला मला निवृत्त व्हावे लागले.

सामाईक मालमत्ता म्हटली की तिची नासाडी ठरलेलीच, असा एक सिद्धांत १९६८ मध्ये गॅरेट हार्डिन यांनी मांडला आणि तो पुष्कळांना सोयीचा वाटला. कारण त्याचा निष्कर्ष एकतर सरकारच्या, नाहीतर मालकाच्या हाती सारे सोपवा, असा निघतो. एलिनॉर ऑस्ट्रॉम या अमेरिकन विदुषींनी जगभरची उदाहरणे तपासून दाखवून दिले की, जेथे वापरणाऱ्यांनीच नियम केले, पाळले आणि मोडणाऱ्याला जाब विचारला, तेथे सामाईक मालमत्ता पिढ्यानपिढ्या टिकली. त्यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याला त्यासाठी अमेरिकेपर्यंत जाण्याचे कारण नव्हते. खानदेशातील पांझरेच्या काठी फड पद्धतीने शेतकऱ्यांनी हेच करून दाखवले होते. आमच्या गल्लीतला आड हेच करत होता.

आता तिसऱ्या कलमाकडे येतो. जुलै १९८९ मध्ये बिंदुसरेला आलेला महापूर येथे बसलेल्या वडीलधाऱ्यांच्या डोळ्यांपुढून अजून गेला नसेल. मी तेव्हा तरुण अध्यापक होतो. पाणी ओसरल्यावर भिंतींवर राहिलेली चिखलाची रेघ आणि वाळत घातलेल्या वह्या मला आठवतात. त्या पुराने माणसे नेली आणि त्यांत गरिबांचा वाटा नेहमीप्रमाणे मोठा होता. म्हणून नदीपात्रात घरे नसावीत, हे मला मान्य आहे. पूर जातधर्म पाहत नाही. पण घराचे जोते किती उंच आहे, ते मात्र पाहतो.

परंतु पात्र कोणी अडवले, याची मोजणी करताना आपली नजर फक्त पत्र्याच्या छपरावर का थांबते? भराव घालून सपाट केलेले भूखंड, नाल्यावर घातलेला स्लॅब, काठावर ओतलेला बांधकामाचा राडारोडा, हेही अतिक्रमणच आहे. एक अतिक्रमण नाइलाजाचे आहे, दुसरे नफ्याचे. ठरावात मात्र पहिल्याचाच उल्लेख आहे. पक्क्या बांधकामावर बोलण्याचे धैर्य नसलेले मंडळ झोपडीवर ठराव करते, असे उद्या कोणी म्हणाले, तर आपण काय उत्तर देणार?

आणि त्या झोपड्यांत राहते कोण? आपल्या जिल्ह्यातून दसरा-दिवाळीच्या सुमारास लाखो माणसे ऊसतोडीला बाहेर पडतात. पश्चिम महाराष्ट्रात जातात, कर्नाटकात जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता, असा तेथला हिशेब! माणसांची गणतीच मुळी हत्याराने होते. हंगाम संपल्यावर ज्यांना गावात ना शेत, ना काम, त्यांच्यातील काही शहराच्या काठावर येऊन टेकतात. त्यांच्याचबरोबर वडार आहेत, बेलदार आहेत, बांधकामावरचे बिगारी आहेत. दगड ओळखणाऱ्या आणि दगडाशी बोलणाऱ्या या जमाती आहेत. खजाना विहिरीचा दगड ज्यांनी घडवला, त्यांचे वारस मी मघाशी शोधत होतो. मित्रहो, ते आपल्या ठरावाच्या तिसऱ्या कलमात सापडतात! पहिल्या कलमात त्यांच्या पूर्वजांच्या कामाची दुरुस्ती मागायची आणि तिसऱ्या कलमात त्यांचे छप्पर काढायचे, ही विसंगती ठरावातून गेली पाहिजे.

आपल्या काही तरुण मित्रांचा आक्षेप मला ठाऊक आहे. ते म्हणतात, "सर, मराठवाडा मागे राहिला. आम्हाला नोकरी हवी, रस्ता हवा. जुने दगड घेऊन काय करायचे?" हा आक्षेप उडवून लावण्याजोगा नाही. प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९८४ मध्ये प्रादेशिक असमतोलाचा अहवाल दिला, तेव्हा अनुशेष हा शब्द आपल्या घराघरांत पोहोचला. सिंचन, रस्ते, वीज यांत आपल्याला किती कमी मिळाले, हे आकड्यांनी सिद्ध झाले. ते भांडण न्याय्य होते आणि आहे. माझे म्हणणे एवढेच की, अनुशेष म्हणजे जे मिळाले नाही त्याची मोजदाद. जे हाती होते आणि आपल्याच डोळ्यांदेखत गेले, त्याची मोजदाद अनुशेषात होत नाही. ती मुंबईत कोणी करणार नाही. ती मोहल्ल्यातच करावी लागेल.

रस्त्याला माझा विरोध नाही. रुग्णवाहिका आत येत नसेल, तर रस्ता रुंद झालाच पाहिजे. वेशीच्या नावाखाली कोणाचा जीव अडकू नये. राजुरी वेस, कोतवाली वेस ही नावे आज मुख्यतः पत्ता सांगण्यापुरती उरली आहेत. पण उरलेसुरले पाडण्यापूर्वी वळण घेता येते का, एकेरी वाहतूक करता येते का, हे तपासावे. तसेच दुसऱ्या टोकाचे स्वप्नही नको. २०११ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या सुमारे दीड लाख होती. एवढ्या वस्तीची तहान सोळाव्या शतकातील विहिरीने भागेल, असे मी म्हणत नाही. तिने शेत भिजवावे, आसपासच्या भूजलाला आधार द्यावा आणि पाणी मुरवण्याची अक्कल आपल्याला शिकवावी, एवढे पुरे. ती अक्कल आपल्याला हवीच आहे. शेती वा उद्योगासाठी ६० मीटर किंवा त्याहून खोल विहीर घेऊ नये, असे राज्याचा २००९ चा भूजल कायदा सांगतो. बोअरच्या गाड्या मात्र रात्रीबेरात्री घरघरत असतात.

आणखी एका धोक्याविषयी बोलले पाहिजे. वारसा हा शब्द अलीकडे शेजाऱ्याला परका ठरवण्यासाठी वापरला जाऊ लागला आहे. बीडमध्ये तो तसा वापरताच येणार नाही. पाण्याच्या मधोमध उभे असलेले कंकालेश्वराचे मंदिर, खंडोबाच्या टेकडीवरील दोन दीपमाळा, शहेनशहावलींचा दर्गा, जामा मशीद ही सारी एकाच गावाच्या हाकेच्या अंतरात आहेत. विहिरीला तर दोन नावे चिकटली आहेत: एक सलाबतखान, दुसरा राजा भास्कर. त्यांतले एक खोडले, तर विहिरीची निम्मी कथा जाते. तिच्या पाण्यावर वाढलेले पीक कोणत्या देवाचे होते, हे विचारण्याची बुद्धी चारशे वर्षांत कोणाला झाली नाही. ती आपल्या पिढीला होऊ नये.

आता करावयाचे काय? संविधानाच्या ७४ व्या दुरुस्तीने, म्हणजे १९९३ पासून, नगरपालिकांना अठरा विषयांची बारावी अनुसूची मिळाली. त्यात पाणीपुरवठा आहे, झोपडपट्टी सुधारणा आहे आणि सांस्कृतिक व सौंदर्यविषयक बाबींचे संवर्धनही आहे. म्हणजे आपल्या ठरावात परस्परांविरुद्ध उभे केलेले विषय संविधानाने एकाच यादीत, एकाच संस्थेच्या हाती ठेवले आहेत. उणीव ही की, त्याच दुरुस्तीने प्रभाग समित्या केवळ तीन लाख आणि त्याहून अधिक वस्तीच्या शहरांना बंधनकारक केल्या. बीडसारख्या शहरातील मोहल्ल्याला कायद्याने तोंड दिलेले नाही. म्हणून तुमच्या मंडळासारख्या मंडळांचे महत्त्व. कायद्याने न दिलेले व्यासपीठ लोकांनी स्वतः उभारायचे असते. पण मग त्यावर सर्वांना जागा असली पाहिजे. आजच्या सभेत नदीकाठच्या वस्तीतील किती माणसे आहेत, हे मी येताना पाहत होतो. मला एकही दिसले नाही.

माझ्या सूचना चार आहेत. पहिली, मंडळाने एक वही घालावी. वस्तीतील प्रत्येक आड, बारव, वेशीचा अवशेष, जुना वाडा, दगडी नाला यांची नोंद त्यात व्हावी. तो कोणाच्या मालकीचा, आज कोणत्या अवस्थेत, दरवर्षी किती झिजला, हे लिहावे. घसाऱ्याचा रकाना आपणच उघडू. राज्याचा १९६० चा प्राचीन स्मारकांचा कायदा आहे. पण ज्याची नोंदच नाही, त्याच्यासाठी अर्ज तरी कशाच्या आधारे करणार?

दुसरी, दुरुस्तीचे काम ठेकेदाराच्या सिमेंटला न देता दगड आणि चुना जाणणाऱ्या स्थानिक कारागिरांना मिळावे आणि त्यांना पुरी मजुरी मिळावी. १९७२ च्या दुष्काळात या जिल्ह्यातील माणसांनी पोटासाठी खडी फोडली. त्यातूनच पुढे रोजगार हमीचा विचार कायद्यापर्यंत, १९७७ पर्यंत, पोहोचला. कामाचा हक्क मागणाऱ्या चळवळीने त्याच हातांना टिकाऊ सार्वजनिक मालमत्ता घडवण्याचे आणि राखण्याचे कामही मागितले पाहिजे.

तिसरी, नदीची पूररेषा जागेवर आखून सर्वांना दिसेल अशी खुणावावी आणि तिच्या आतील प्रत्येक बांधकामाची, पत्र्याच्या तसेच पक्क्या, एकाच वहीत नोंद व्हावी. झोपडीला पर्यायी घर मिळाल्याखेरीज ती हलवू नये. भूखंडाला मात्र पर्याय देण्याचे कारण नाही.

चौथी, वर्षातून एक दिवस, पावसाळ्यापूर्वी, मंडळाने एक तरी आड किंवा बारव उपसावी. मिरवणूक नको, फलक नको, पाहुणे नकोत. गाळ काढावा आणि झालेल्या खर्चाचा हिशेब दुसऱ्या दिवशी भिंतीवर लावावा. पहिल्या वर्षी माझ्या न्हाणीघराखालचा आड घ्या, अशी माझी विनंती आहे. फरशी फोडण्याचा खर्च मी देईन. राबिट काढायला मात्र तुमचे हात लागतील.

आणि ठरावाबद्दल. पहिले कलम ठेवावे. दुसऱ्यात "शक्य तेथे जुन्या वास्तूंना धक्का न लावता" हे शब्द घालावेत. तिसरे कलम आज मंजूर करू नये. ते नदीकाठच्या वस्तीतील माणसांना सोबत बसवून, त्यांच्या उपस्थितीत पुन्हा लिहावे. त्यासाठी सभा महिनाभर पुढे गेली, तरी काही बिघडत नाही. ज्या विहिरीविषयी आपण बोलत आहोत, ती चारशे चाळीस वर्षे थांबली आहे; आणखी एक महिना थांबेल. पण ज्याचे घर जायचे आहे, त्याला विचारल्याशिवाय आपण ठराव केला, तर आपणही दाताचा घुमटच बांधला, असे होईल.